सैराटचा शेवट: आवाज गेला होता की काढला होता?

सातपुडा (धागाकर्ता)

सैराट मी आमच्या तालुक्याच्या एकपडदा थेटरात पाहिला. २९ एप्रिल २०१६ ला सिनेमा आला, आम्ही गेलो मे महिन्यात, म्हणजे ऐन उन्हाळा. एसी नाही, भिंतीवर पंखे. झिंगाट लागलं तेव्हा पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत पोरं नाचत होती, चिल्लर उडत होती. गाणं संपल्यावर एवढा दंगा झाला की ऑपरेटरने ते परत लावलं. असला अनुभव तुमच्यापैकी बऱ्याच जणांना असेल.

मला बोलायचंय ते शेवटच्या मिनिटाबद्दल. अजून पाहिला नसेल तर इथूनच मागे फिरा. शेजारीण पोराला दारात सोडते, ते लुटूलुटू आत जातं आणि आईबापांना रक्तात पडलेलं बघतं. रडतं. तोंड उघडलेलं दिसतं, पण रडणं ऐकू येत नाही. मग वळून बाहेर चालायला लागतं आणि मागे लाल पावलं उमटत जातात. ना आवाज, ना संगीत.

त्या वेळी खालून कोणीतरी ओरडलं, "ए, आवाज!" पाठोपाठ एक शिट्टी. त्या थेटरात आवाज जाणं नित्याचंच, त्यामुळे त्याचं काही चुकलं नाही. पण मग पावलं दिसली आणि तो ओरडणारा जो गप्प झाला तो झालाच. तेव्हा मला पहिल्यांदा भिंतीवरच्या पंख्यांची घरघर ऐकू आली. तीन तास ते चालूच होते की.

आता मुद्दा. गेल्या आठवड्यात बहीण राहायला आली होती, तिची चौदा महिन्यांची पोर घेऊन. रात्री रिकामा वेळ होता, मोबाइलवर व्हिडिओ कापायचं अ‍ॅप होतं, म्हणून एक उद्योग केला. त्या शेवटच्या तुकड्याच्या तीन प्रती काढल्या. पहिलीवर सारंगी टाकली. दुसरीवर ती खालच्या पट्टीतली घुमणारी धडधड, भुताच्या सिनेमात असते ती. तिसरीवर खऱ्या लहान मुलाचं रडणं. ते भाचीचंच रेकॉर्ड केलं. सात सेकंदांचंच मिळालं, तेच पुन्हा पुन्हा जोडलं. आणि चौथी प्रत मूळ, गप्प.

प्रेक्षक तीन: आई, बायको, आणि शेजारचा बारावीतला मुलगा.

सारंगीवाल्या प्रतीला आईने डोळ्याला पदर लावला आणि दोन मिनिटांत विचारलं, "उद्या भाजी काय करायची?" धडधडवाल्या प्रतीला शेजारचा मुलगा शेवटपर्यंत दाराकडे बघत बसला, त्याला वाटलं मारेकरी अजून घरात आहेत आणि आता पोराचा नंबर. रडण्याची प्रत कोणी पुरी चालूच दिली नाही, बायकोने हात पुढे करून मोबाइल बंद केला. आणि मूळ प्रतीनंतर कोणीच काही बोललं नाही. आई उठून आत गेली. भाजीचा विषय निघाला नाही.

चित्र तेच. पोर तेच, पावलं तीच. मग बदललं काय? माझं मत असं की संगीत आपल्याला भावना देतं हे अर्धंच खरं; ते आपल्याला त्या भावनेतून सुटायची वाटही देतं. सारंगी वाजली की कळतं, हं, आता रडायचं. रडलो की मोकळे. मूळ प्रतीत ती वाटच बंद करून टाकलीय.

पण हे आधीच्या तीन तासांशिवाय जमलं असतं का? याच सिनेमाची गाणी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोरिंग स्टेजवर मोठा वाद्यवृंद बसवून रेकॉर्ड केली होती. भारतीय सिनेमासाठी तिथे पहिल्यांदाच असं झालं. अजय-अतुलनी पूर्वार्धात व्हायोलिनांचा नुसता पूर आणलाय. एवढं वाजल्यानंतरची शांतता आणि नुसती शांतता, यांत फरक आहे असं मला वाटतं. बोला.

खडूस_काका

प्रयोग आवडला, निष्कर्ष नाही.

आवाज काढून घेणं हीसुद्धा युक्तीच. सारंगी लावणारा तुमचा कान धरतो, आवाज काढणारा तुमची मान धरतो. धरतात दोघेही. पहिली सवयीची झाली म्हणून ती स्वस्त, दुसरी अजून नवी आहे म्हणून थोर, एवढंच. दहा दिग्दर्शकांनी शेवटचं मिनिट गप्प केलं की अकराव्याला तुम्हीच जांभई द्याल.

आणि सारंगीवर अन्याय करू नका. आमच्या पिढीच्या डोक्यात ती रडकी कोणी करून ठेवली? रेडिओने. मोठा नेता गेला की आकाशवाणीचे सगळे कार्यक्रम बंद आणि दिवसभर सारंगी. १९६४ ला नेहरू गेले तेव्हा मी शाळेत होतो, १९८४ ला इंदिराबाई गेल्या तेव्हा नोकरीत. रेडिओ लावला आणि सारंगी ऐकू आली की आजी हातातलं काम टाकून विचारायची, "कोण गेलं रे?" बिचाऱ्या वाद्यावर ठुमरीही वाजते. ऐकतो कोण?

तिरकिट

काकांच्या सारंगीला माझा पाठिंबा. मी गाणं शिकवते, त्यामुळे "हा राग दुःखाचा, तो राग आनंदाचा" हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतंच. त्यावर माझं ठरलेलं उत्तर आहे, जरा लांबण लागेल.

पथेर पांचाली, १९५५. हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी येतो. मुलगी दुर्गा गेलीय हे त्याला माहीत नाही. आणलेल्या वस्तू एकेक करून बायकोला दाखवतो आणि शेवटी दुर्गासाठी आणलेली साडी पुढे करतो. इतका वेळ दगडासारखी असलेली सर्वजया ती साडी तोंडाशी धरते आणि कोसळते. तिचा हंबरडा आपण ऐकतच नाही. त्या जागी तारशहनाई वाजते.

तारशहनाई हे नाव फसवं आहे. ती सनई नव्हे, फुंकायची नाही. एसराजसारखं गजाने वाजवायचं वाद्य, त्याला ग्रामोफोनसारखा कर्णा बसवलेला. त्यामुळे आवाज तारेचा खरा, पण घशातून आल्यासारखा येतो. दक्षिणामोहन टागोरांनी ती वाजवली आणि सूर पटदीप रागाचे, वरच्या सप्तकात. पंडित रविशंकरांकडे वेळ नव्हता, म्हणून या सिनेमाचं संगीत एका रात्रीत, साधारण अकरा तासांच्या बैठकीत रेकॉर्ड झालं होतं.

आता मजा बघा. पटदीप म्हटलं की मराठी माणसाच्या तोंडी काय येतं? "मर्मबंधातली ठेव ही". संन्यस्त खड्ग नाटक, वझेबुवांची चाल, मास्टर दीनानाथांचा आवाज. त्यात कोणी हंबरडा फोडतं का? तोच कोमल गंधार, तोच शुद्ध निषाद, आणि तिथे मन कसं हळुवार होतं. मी वर्गात दोन्ही पाठोपाठ ऐकवते आणि मुलींना विचारते, सांगा, दुःखाचा कुठला? एकीने एकदा उत्तर दिलं, "ताई, निषाद कुणाच्या हातात आहे त्यावर." दहावीतली मुलगी. त्या दिवशी शिकवणी लवकर सोडली, पुढे मला काही सांगण्यासारखं उरलं नव्हतं.

म्हणजे सातपुडा, तुमच्या सारंगीचा दोष एवढाच की ती पोराच्या रडण्यावर वरून टाकलेली होती. तारशहनाई रडण्याच्या जागी आलीय. पहिली तिथे पाहुणी आहे, दुसरी घरची.

ओहायोकर

मी सैराट इथे घरी लॅपटॉपवर पाहिला, ब्लूटूथ हेडफोन लावून. आवाज गेल्यावर मला वाटलं हेडफोनची बॅटरी संपली. ते काढले, चार्जरला लावले, लॅपटॉपचा आवाज वाढवला, सेटिंगमध्ये जाऊन आलो. तोपर्यंत पडद्यावर नावं सुरू झाली होती.

सिनेमाच्या इतिहासातला एवढा गाजलेला शेवट मी सेटिंगमध्ये घालवला. बायको अजून ऐकवते.

गवती_चहा

@ओहायोकर हसून हसून पुरेवाट!

मालिकांचं पार्श्वसंगीत कोणाच्याच खिजगणतीत नाही का? आमच्याकडे सासूबाई टीव्ही बघतात, मी स्वयंपाकघरात. नुसत्या आवाजावरून मी सांगू शकते की सून जिन्यावरून उतरली, कुणाच्या तरी हातातून ताट पडलं आणि आता तीन चेहरे तीन-तीनदा दाखवणार. ढॅण, ढॅण, ढॅण. एकदा सासूबाईंना कमी ऐकू येतं म्हणून आवाज बंद करून खाली अक्षरं लावून दिली. दहा मिनिटांत म्हणाल्या, "आज काही घडतच नाहीये गं."

त्या दिवशीही रोजच्याइतकंच घडलं होतं.

डबिंगवाला

नाव वाचून कळलंच असेल. मी बारा वर्षं मुंबईत स्टुडिओत आहे. आधी डबिंगला, आता जास्त करून फोली. म्हणजे तुम्ही पडद्यावर जी पावलं, बांगड्या, साडीची सळसळ ऐकता ती बहुतेक वेळा आमच्यासारख्यांनी अंधाऱ्या खोलीत पडद्याकडे बघत काढलेली असते. खोलीत जमिनीचे चौकोन असतात: एकात खडी, एकात माती, एकात फरशी, एकात लाकूड. भांड्यांचं पोतं, जुन्या चपलांचा ढीग, चार प्रकारच्या कड्या. हाड मोडायचं असेल तर गाजर मोडतो. हिचकॉकच्या सायकोमध्ये अंगात सुरा घुसल्याचा आवाज खरबुजाच्या जातीचं फळ भोसकून काढलाय, म्हणजे आमचा भाजीबाजाराशी संबंध जुना आहे.

धाग्याच्या विषयाकडे येतो. लोकांना वाटतं शांतता म्हणजे आवाज नसणं. आमच्या धंद्यात शांततासुद्धा रेकॉर्ड करावी लागते. चित्रीकरण संपलं की साउंडवाला सगळ्यांना हलू नका म्हणतो आणि अर्धा-एक मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज घेतो. त्याला रूम टोन म्हणतात. लांबचा रस्ता, ट्यूबलाइटची कुंई, भिंतीपलीकडचा पाण्याचा पंप, काय असेल ते. दोन वाक्यांच्या मध्ये हा टोन अंथरला नाही तर ऐकणाऱ्याला खड्डा पडल्यासारखं होतं. सिनेमात "भयाण शांतता" असते ना, तिच्यात रातकिडे असतात, वारा असतो, लांब एखादं कुत्रं असतं. कुत्रं तर आमच्याकडे फार चालतं.

सगळेच्या सगळे ट्रॅक खाली ओढून शून्य करायला मिक्सिंगला बसलेला माणूस घाबरतो. प्रेक्षकाला वाटतं मशीन बिघडलं, थेटरवाले फोन करतात. "ए, आवाज!" ओरडला तो माणूस म्हणजे आमच्या सगळ्यांच्या पोटातली भीती. ती पत्करून कोणीतरी हात खाली नेला, हे मला मोठं वाटतं. काका, युक्ती आहे हे कबूल. पण फुकटची नाही.

बाकी, सगळं गप्प करणं हेच थोर असंही नाही. सायकोचंच बघा. न्हाणीघरातल्या खुनाला संगीत नको असं हिचकॉकचं मत होतं. बर्नार्ड हरमनने तरीही फक्त तंतुवाद्यांवर ते किंचाळणारं संगीत लिहिलं, हिचकॉकने ऐकलं आणि मत फिरवलं. आज ते व्हायोलिन काढून तो प्रसंग बघा. सुरा, पाणी, पडदा, सगळं दिसतं. भीती अर्धी होते.

खडूस_काका

डबिंगवाले, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाने माझीच बाजू भक्कम झाली. आभार.

आता माझ्या आवडीचं सांगतो. ऋत्विक घटकांचा मेघे ढाका तारा, १९६०. घरासाठी झिजलेली नीता भावाबरोबर रवींद्रसंगीत म्हणतेय. म्हणता म्हणता तिचा बांध फुटतो आणि कानावर चाबकाचे फटके येतात. चाबूक कुठेच नाही. मारणारा नाही, घोडा नाही, काही नाही. आवाज प्रसंगातला नाहीच मुळी. मी ते पहिल्यांदा फिल्म सोसायटीत पाहिलं तेव्हा शेजारचे गृहस्थ दचकून मागे वळले होते.

हे मला प्रामाणिक वाटतं. घटक लपवत नाहीत. म्हणतात, हो, मी बाहेरून आवाज आणलाय, मी तुम्हाला मारतोय. तुमचं ते सैराटचं मौन "मी काही केलंच नाही" असा आव आणतं.

सातपुडा

काका, आव कुठे आणलाय? पोराचं तोंड उघडलेलं दिसतंय आणि ऐकू येत नाहीये, याहून उघड "मी काहीतरी केलंय" ते काय असणार? आव आणायचा असता तर रूम टोन ठेवला असता, बाहेरची रिक्षा ठेवली असती.

डबिंगवाला, रूम टोनचं डोक्यातच नव्हतं. आता घरात ऐकत बसलोय. आमचा फ्रिज फारच बोलतो.

ओसरी

उशिरा येतेय. सैराटच्याच दिग्दर्शकाच्या, नागराज मंजुळेंच्या, आधीच्या सिनेमातला एक प्रसंग इथे आलाच पाहिजे, कारण त्यात पार्श्वसंगीताचा काही संबंध नाही आणि तरी सगळं आवाजावरच उभं आहे.

फॅंड्री. गावात सुटलेलं डुक्कर पकडायला जब्याचं अख्खं घर शाळेमागे उतरलंय. गावातली पोरं, मोठी माणसं बघायला जमलीत, टिंगल चाललीय. डुक्कर अगदी हाताशी आलंय आणि एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ. मग एकेक करून घरातले सगळे ताठ. डुक्कर मात्र ताठ उभं राहत नाही, ते निघून जातं.

मी हा सिनेमा पुण्यात पाहिला. सुरुवातीला हसू आलं, थेटरभर आलं. आणि मग दोन ओळी पुढे एक गृहस्थ खरोखर उभे राहिले. त्यांच्या देखादेखी आणखी दोघं. सिनेमा सुरू होण्याआधी राष्ट्रगीताला उभं राहायची सवय, त्यामुळे पाय आपोआप उठले असणार. आता पडद्यावर जब्याचं कुटुंब उभं, इकडे हे तिघं उभे, आणि आम्ही बसलेले. बसलेल्यांना कळेना काय करावं. मी अर्धवट उठले आणि परत बसले. आजही कळत नाही, त्यातली कुठली कृती बरोबर होती.

या सुरांवर कुणी "दुःख" असा शिक्का मारलेला नाही. हे आपण शेकडो वेळा ऐकलेत, अभिमानाने ऐकलेत. तेच सूर, तेच शब्द, फक्त समोर जब्याचा बाप कचरू आणि त्याचं निसटलेलं डुक्कर. तिरकिटताईंची ती विद्यार्थिनी म्हणाली तसंच काहीसं.

तिरकिट

@ओसरी, अंगावर काटा आला. अर्धवट उठून परत बसणं हे अगदी पटलं.

गवती_चहा

वाचनखूण साठवली. आज कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजायच्या राहिल्या वाचता वाचता.

मुक्काम_पोस्ट

धागा दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

माझ्या मामाला दिसत नाही. लहानपणी डोळे गेले, आता साठीचा आहे. सिनेमाचा भयंकर नाद. आमच्या घरात त्याच्याएवढे सिनेमे कोणी "बघितलेले" नाहीत, आणि शब्द तो हाच वापरतो. थेटरात त्याच्या शेजारी बसणाऱ्याने हळू आवाजात सांगत राहायचं असा रिवाज, पण फार सांगितलेलं त्याला खपत नाही. "गाडी आली" म्हटलं की म्हणतो, "ऐकू आली मला, कोण उतरलं ते सांग." शोलेत ठाकूरचं कुटुंब मारलं जातं तिथला झोपाळ्याचा करकर आवाज तो अजून तोंडाने काढून दाखवतो. त्याच्या मते तो सिनेमा त्या झोपाळ्याचा आहे.

सैराटला मी त्याच्या शेजारी होतो. आर्चीचा भाऊ आणि बरोबरचे लोक घरी येतात, ती चहा करते, तिथेच मामाने माझा हात धरला. म्हणाला, "पाहुणे आलेत ना? मग बोलत का नाहीये कोणी?" मी पडद्याकडे बघत होतो. मला चहा दिसत होता, आर्चीचा चेहरा दिसत होता, आणलेल्या वस्तू दिसत होत्या. मला वाटलं सगळं मिटतंय. त्याला काही दिसत नव्हतं, त्यामुळे फसायला काही नव्हतं.

आणि मग तो शेवट. आवाज बंद. मामा थोडा वेळ थांबला, मग म्हणाला, "लाइट गेली का रे?" मी काही बोललो नाही. मला बोलताच येईना. तो पुन्हा म्हणाला, "अरे संपला का? काय झालं?" आजूबाजूला लोक मुसमुसत होते, ते त्याला ऐकू येत होतं. "कोणाला काय झालं? सांग की." मी त्याला बाहेर आल्यावर, रसवंतीपाशी उभं राहून सांगितलं. लाल पावलांचंही सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे ज्याला दिसतं त्याच्यासाठी केलंय ते." रागावला नव्हता. रस सगळा प्यायला. पण घरी येईपर्यंत काही बोलला नाही.

म्हणून दर वेळी कोणी त्या शेवटाची तारीफ केली की मला तो रसाचा ग्लास दिसतो.

डबिंगवाला

बारा वर्षांत हे डोक्यात आलं नव्हतं माझ्या. कानाचं खातो आणि आलं नव्हतं.

"बोलत का नाहीये कोणी" यावर मात्र मामांना सलाम. असे पॉज आम्ही सेकंदसेकंद मोजून ठेवतो आणि समजतो की कोणाच्या लक्षात येत नाहीत.

खडूस_काका

मुक्काम_पोस्ट, तुमच्या मामांना माझा नमस्कार सांगा. माझा वाद मी इथे थांबवतो.

सातपुडा

मुक्काम_पोस्ट, काय लिहावं कळत नाही. माझ्या प्रयोगात चौथी प्रत "जिंकली" असं मी किती सहज लिहून बसलो होतो.

एक विचारू का? माझ्या तीन प्रतींचे नुसते आवाज मामांना ऐकवाल? चित्र नको, काही सांगूही नका. त्यांना नको असेल तर राहू दे. निरोपात पाठवतो.

मुक्काम_पोस्ट

काल रविवारी गेलो होतो. मामाला एवढंच सांगितलं की एकाने तीन आवाज पाठवलेत, ऐकून सांग काय आहे. तो खूश, त्याला असल्या परीक्षा आवडतात. मोबाइल कानाशी धरून ऐकला.

सारंगी: पाच सेकंदांत मोबाइल परत दिला. "कोण गेलं?" (काका, तुमच्या आजीची आठवण झाली.)

धडधड: "हे काय, भुताचं? पुढे वाजेल काहीतरी मोठ्याने. नको."

रडणं: हे त्याने पूर्ण ऐकलं. तुम्ही जोडलंय तेवढं सगळं. मग पुन्हा लावायला सांगितलं. मी म्हटलं, मामा, काय आहे सांग. तो म्हणाला, "पोरगं वर्षा-दीड वर्षाचं आहे. घरात आहे, बाहेर नाही. आणि घरात कोणी नाहीये. एवढं रडतंय आणि कोणी उचलत नाहीये त्याला."

मग थोड्या वेळाने म्हणाला, "ते सैराटचं आहे का रे?"

सातपुडा

ते रडणं सात सेकंदांचंच का मिळालं हे मी धाग्यात लिहिलं नव्हतं. भाची झोपेतून रडत उठली, मी मोबाइल धरून उभा होतो आणि आठव्या सेकंदाला बायको आतून धावत आली. तिच्या पैंजणांचा आवाज, "आले गं आले", आणि मग रडणं थांबलेलं, असं सगळं त्यात आलं होतं. प्रसंगाला चालणार नाही म्हणून मी तेवढं कापलं.

मूळ रेकॉर्डिंग अजून मोबाइलमध्ये आहे. तेही पाठवतो, मामांना ऐकवा.